बारावा प्रांत

“काकू, तुम्ही खिडकीशी. आज मान तुमचा.” श्रीनिवासने आपली सॅक उचलून सुरेखाकाकूंना जागा करून दिली. “मीनल, तू आईशेजारी. सारंग, श्रुती, तिकडे सरका. वृंदा, दशम्या काढ गं. आता थेट ग्रोनिंगन, मध्ये कुणी चुळबुळ करायची नाही.”

“टूर मॅनेजर, चहा कधी?” सारंगने विचारलं.

“अ‍ॅमर्सफोर्ट गेल्यावर. थर्मास एकच आहे, शहाण्या.”

सगळे हसले. श्रीनिवासही हसला आणि हसता हसता मास्कच्या आत दोनदा खोकला.

वृंदाने डब्याचं झाकण उघडता उघडता नवऱ्याकडे पाहिलं.

“ठसका लागला,” तो म्हणाला. अजून कुणी काही तोंडात घातलं नव्हतं.

गाडीने उट्रेख्त सोडलं. बाहेर नोव्हेंबरचा राखाडी उजेड, पाण्याने भरलेले चर आणि त्यांच्यामध्ये ओल्या हिरवळीचे पट्टे. साथीचं दुसरं वर्ष सरत आलं होतं. दुकानं उघडली होती, गाड्या धावत होत्या, फक्त गाडीत मास्क हवा होता. श्रीनिवासला तेवढं पुरेसं होतं.

हा देश नकाशावर तळहाताएवढा, पण फिरायला निघालं की खर्चाला अवाढव्य. त्यावर श्रीनिवासने तोडगा काढला होता. शनिवार-रविवारी गटाचं तिकीट काढायचं. जितकी माणसं जास्त तितका वाटा कमी, आणि अंतर कितीही असलं तरी तिकीट तेच. मग जवळ कशाला जायचं? जितकं लांब तितकं वसूल. आइंडहोवन आणि आसपासच्या मराठी मंडळींचा त्याने एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला होता. एका तिकिटावर सात जण चालायचे. दर सहलीला माणसं जमवायची, सातवा मिळेपर्यंत फोन करत राहायचं. आज सहाच मिळाली होती आणि त्याची हळहळ त्याने सकाळपासून दोनदा बोलून दाखवली होती.

अशा रीतीने वृंदाने देश पाहिला होता. म्हणजे परतीची गाडी यायच्या आत स्टेशनापासून चालत जाता येईल तेवढा. संग्रहालयं बाहेरून, पवनचक्क्या कुंपणाबाहेरून, बोटी पुलावरून. जेवण स्टेशनसमोरच्या बाकावर, मांडीवर डबे घेऊन, वाऱ्याने उडणारे कागदी रुमाल चपलेखाली दाबून. स्टेशनातल्या स्वच्छतागृहाला पैसे पडतात म्हणून उतरण्याआधी श्रीनिवास डबाभर ऐकू जाईल असं सांगायचा, “सगळ्यांनी जाऊन या रे, पुढे फुकट नाही.” मग गाडीच्या त्या एवढ्याशा खोपट्यापुढे आपल्या लोकांची रांग. आतली जमीन चिकट, बुटाचा तळ उचलताना आवाज व्हायचा. त्या आवाजाची वृंदाला शिसारी होती. पण इतक्या वर्षांत तिने रांग कधी सोडली नव्हती.

“आज बारावं,” श्रीनिवास दशमीवर लसणाची चटणी घालत म्हणाला. “काकू, तुम्हाला मीनलने सांगितलं का? या देशात प्रांत बारा. आपली ज्योतिर्लिंगं जशी बारा. अकरा झाली. हे ग्रोनिंगनचं बारावं राहिलं होतं. मागच्या वर्षी मार्चात तिकिटं काढली नि त्याच आठवड्यात सगळं बंद.”

“आणि नुसतं गाडीतून गेलेलं धरत नाहीत हं काकू,” सारंग म्हणाला. “पाय टेकायला लागतो. यांनी एका प्रांतात फलाटावर पाय टेकून तीच गाडी परत पकडली होती.”

“टेकला ना पण? मग झालं!”

“आता उद्यापन घाला. जोडप्यांना जेवायला बोलवा.”

“घालणार! पुरणपोळी घालणार!” श्रीनिवास म्हणाला आणि आपल्या हाताने काकूंच्या हातात दशमी ठेवली.

सुरेखाकाकू म्हणजे मीनलची आई. नुकत्याच अकोल्याहून आल्या होत्या. एप्रिलच्या लाटेत नवरा-बायको दोघंही दवाखान्यात गेले होते. काकू एकट्याच परत आल्या. श्वास मात्र पूर्वीसारखा झाला नाही. आज आइंडहोवनच्या फलाटाचा जिना चढताना त्या मध्येच थांबल्या होत्या आणि उगाच भिंतीवरची जाहिरात पाहत राहिल्या होत्या. डच भाषेतली. वृंदाच्या ते लक्षात आलं होतं. तिनेही शेजारी थांबून ती जाहिरात वाचली होती.

“हाताला काही लावायचं आहे का गं?” काकूंनी विचारलं. “मी खांबाला धरलं होतं मघाशी.”

“सॅनिटायझर आहे ना. थांबा.” श्रीनिवास थर्मासचं झाकण फिरवत होता. त्याची सॅक वृंदाच्या पायाशी होती. तिने पुढचा कप्पा उघडला. “अगं, मी देतो,” तो घाईने म्हणाला, पण तोवर तिचा हात आत गेला होता.

सॅनिटायझरच्या बाटलीबरोबर कागदी रुमालात गुंडाळलेलं काहीतरी चपटं हाताला लागलं. रुमाल अर्धा सुटलेला होता. आत पांढऱ्या प्लास्टिकची पट्टी होती. घरी करायच्या चाचणीची. तिच्यावर दोन रेघा होत्या.

वृंदा सूक्ष्मजीवशास्त्राची एम. एस्सी. नवऱ्याच्या व्हिसावर या देशात आली, काही वर्षं घरी बसली आणि आता दूध तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करत होती. दिवसभर ती बशांमध्ये काय उगवलं आहे ते पाहायची आणि जे दिसेल तेच लिहायची. रेघ पुसट आहे का, ती उशिरा उमटली असेल का, हे सगळे प्रश्न तिने सवयीने स्वतःला विचारले. पण खालची रेघ वरच्या रेघेपेक्षाही गडद होती.

तिने बाटली काकूंच्या हातात दिली. मास्क नीट बसवला. मग म्हणाली, “श्रीनिवास, जरा बाहेर ये.”

“आत्ता? चहा ओततोय.”

“ये.”

डब्याच्या टोकाला, दाराजवळच्या मोकळ्या जागेत चाकांचा आवाज मोठा होता. तिने पट्टी त्याच्यासमोर धरली.

“हळू,” तो आधी म्हणाला. मग म्हणाला, “सकाळी केली. सहज. घसा जरा खवखवत होता म्हणून.”

“आणि बरोबर घेऊन आलास?”

“घरच्या कचऱ्यात तुला दिसली असती.”

त्याने हे अगदी सरळपणे सांगितलं आणि तसाच पुढे बोलत राहिला.

“मी वाफ घेतलीय, गोळी घेतलीय. आता बरं वाटतंय. मास्क आहे, काकूंना मुद्दाम खिडकीशी बसवलंय. संध्याकाळी घरी गेल्यावर सांगूच ना सगळ्यांना. ‘आत्ताच आली’ म्हणून सांगू. कुणाला कळणार आहे?”

“काल रात्री मीनलचा फोन आला तेव्हा तुझा घसा दुखत होता?”

तो बाहेर पाहू लागला.

काल मीनलने विचारलं होतं, “तुमच्याकडे सगळे बरे आहेत ना गं? आईमुळे विचारते.” फोन ठेवता ठेवता तिने पुन्हा विचारलं होतं. श्रीनिवास शेजारीच हळदीचं दूध पीत उभा होता. वृंदाने त्याच्याकडे पाहिलं तेव्हा त्याने मान हलवली होती, छे छे, काही नाही. आणि हलक्या आवाजात म्हणाला होता, “तूच सांग तिला. तुझ्यावर विश्वास बसतो लोकांचा.” आणि वृंदाने मीनलला सांगितलं होतं, सगळे बरे आहेत.

हे वाक्य तिने आधीही ऐकलं होतं. सहलीसाठी म्हणून घेतलेली रेनकोटाची जाकिटं. किमतीचा कागद बाहीच्या आत दुमडून घालायची, सहल झाली की झटकून, वाळवून दुकानात परत. “तू जा काउंटरवर. तुझ्या चेहऱ्याकडे बघून कुणी काही विचारत नाही.” आणि खरंच कुणी विचारायचं नाही. काउंटरवरची मुलगी हसून पैसे परत करायची. जाकिटाला लसणाच्या चटणीचा वास येत असायचा. तो वास आत्ता, चालत्या गाडीत, तिला मास्कच्या आत आला. तिने दाराच्या दांड्याला धरलं आणि लगेच हात काढून घेतला.

“झ्वोलेला गाडी थांबेल,” ती म्हणाली. “आत चल. लांब उभा राहा आणि सांग. मग उतरू आपण दोघं.”

“वेड लागलंय का? सहा जणांचा दिवस घालवू? मी बोलावलंय त्यांना!”

“म्हणूनच तू सांगायचं.”

“बघतो,” तो म्हणाला. “मी बघतो ना. तू आता तमाशा करू नकोस.”

तो आत गेला. ती त्याच्या मागे जाऊन आपल्या जागेशी उभी राहिली. बसली नाही. त्याने मास्कवरून नाक दाबल्यासारखं केलं, घसा साफ केला. आता सांगेल असं तिला वाटलं.

“काय रे सुस्त बसलात?” श्रीनिवास म्हणाला. “भेंड्या लावू या! काकू, मीनल सांगत होती, तुम्ही भजनी मंडळात गायचात. पहिलं गाणं तुमचं.”

“अहो, आता कुठला दम राहिलाय,” काकू म्हणाल्या, पण त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी मास्क हनुवटीखाली ओढला. सारंगने बाकाच्या पाठीवर ताल धरला. श्रीनिवासने दम भरून सुरुवात करून दिली. पलीकडची एक डच बाई पुस्तक मिटून उठली आणि दुसऱ्या डब्यात गेली. काकूंनी तोंड उघडलं, श्वास आत घेतला.

“काकू, मास्क लावा,” वृंदा म्हणाली. तिचा आवाज तिच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. “श्रीनिवासला कोविड आहे. सकाळी टेस्ट पॉझिटिव्ह आली. त्याला माहीत होतं. मला आत्ता कळलं.”

सारंगचा हात बाकावरच थांबला. सगळ्यांनी श्रीनिवासकडे पाहिलं. तो कसंनुसं हसला आणि म्हणाला, “म्हणजे, तसं माइल्डच आहे.”

मीनलने आधी आईचा मास्क वर ओढला, मग आईच्या हातातली दशमी काढून घेतली. ती कुठे ठेवावी ते तिला कळेना. मग ती वृंदाकडे वळली.

“मी दोनदा विचारलं होतं.”

“हो.”

“श्रीनिवासदादांना नाही विचारलं. तुला विचारलं.”

“हो,” वृंदा म्हणाली. आणखी बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण त्यातलं प्रत्येक वाक्य काउंटरवर बोललेल्या वाक्यांसारखं वाटलं.

“ओके, ओके, पॅनिक नको,” सारंग म्हणाला. “सगळ्यांचे दोन-दोन डोस झालेत. काकूंचेही झालेत ना? श्रीनिवासराव, हे बरोबर नाही केलंत हं तुम्ही.”

“अरे, पण मी मास्क...”

“मी सोमवारी ऑफिसला काय सांगू?” श्रुती सारंगला म्हणाली. “माझं सॉफ्टवेअरचं रिलीज आहे.” मग खिडकीबाहेर बघत, “बरं, आता परत फिरून तरी काय होणार आहे? जे व्हायचं ते झालंच असेल. आपण गाडीच्या वरच्या मजल्यावर जाऊन बसू. यांना इथे बसू दे.”

“तेच म्हणतोय,” सारंग म्हणाला. “एवढं आलोच आहोत, तर पाय लावून परतू. लांब लांब राहू. फोटो वगैरे नको.”

“फोटो लांबून काढता येईल,” श्रीनिवास म्हणाला.

वृंदाने एकेकाचा चेहरा पाहिला. श्रीनिवासबद्दल जे वाटायचं ते मघाशीच वाटून झालं होतं. हे त्याहून जास्त होतं. नासलेल्या दुधाचा नमुना उघडला की नाक आधी मागे हटतं, मग मन. आत्ता दोन्ही एकदम मागे हटली. हे लोक वाईट नव्हते. श्रुतीने लॉकडाउनमध्ये शेजारच्या डच आजीला महिनाभर सामान आणून दिलं होतं. आणि आत्ता तिला बारावा प्रांत हवा होता.

“आमच्या पुतण्याचं लग्न होतं एप्रिलात,” काकू म्हणाल्या.

त्या कुणाकडेच पाहत नव्हत्या. मास्कमुळे शब्द दबून येत होते.

“मोजक्या माणसांची परवानगी होती. नवऱ्या मुलाला आदल्या दिवसापासून ताप. जाऊबाईंनी गोळी दिली नि हळद लावली. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं.” त्या श्वासासाठी थांबल्या. “मुहूर्त काढलेला, आचारी आलेला. म्हटलं, पंगत उठू दे, मग बोलू. ह्यांना वाढायची भारी हौस. एकेका ताटाशी वाकून आग्रह करायचे.”

बाहेर आयसल नदीचा रुंद, करडा पट्टा आला आणि गेला.

“मीनल, पिशवी घे,” काकू म्हणाल्या. “जे येईल ते स्टेशन.”

झ्वोलेला दोघी पुढच्या दाराने उतरल्या. वृंदाने आपला दशम्यांचा डबा उचलला आणि मागच्या दाराशी गेली. श्रीनिवास तिच्यामागून आला.

“उतर,” ती फलाटावरून म्हणाली.

तो दाराच्या आत उभा होता. त्याने मास्क खाली केला होता. ओठ सुकलेले, गाल लाल.

“झ्वोले झालंय आपलं,” तो म्हणाला. मग वेगळ्याच, बारीक आवाजात म्हणाला, “एकच राहिलंय गं, वृंदा.”

त्याचे डोळे पाणावले होते. तापाने की आणखी कशाने, ते तिला कळलं नाही, आणि कळून घ्यावंसंही वाटलं नाही. ती कंडक्टरकडे वळली. तो पार दुसऱ्या टोकाला होता. तिने हात वर करून हाक मारली, दोन पावलं धावली. तोवर शिट्टी झाली होती. दारं मिटली. काचेच्या आत श्रीनिवास दांड्याला धरून उभा असलेला दिसला, मग नुसती गाडी दिसली, मग रूळ.

फोन वाजला. त्याचा मेसेज होता. ‘पाय लावून लगेच फिरतो. कुणाजवळ बसत नाहीये. दशम्यांचा डबा घेतलास ना? नाहीतर सीटखाली राहायचा.’

तिने फोन बंद केला.

उट्रेख्तकडे जाणारी गाडी समोरच्या फलाटावर यायची होती. मीनल आणि काकू आधीच तिकडे गेल्या होत्या. फलाटाच्या मध्यावर, बाकावर. वृंदा जिन्याने वर आली आणि एका टोकाला थांबली. पुढे गेली नाही. ती रात्रभर त्याच्या शेजारी झोपली होती, तिच्या घशातही काय आहे ते तिला अजून माहीत नव्हतं. काकूंजवळ जाऊन माफी मागायची, तरी ती तोंड उघडूनच मागावी लागली असती.

वारा चांगलाच होता. तिच्या गळ्यातल्या स्कार्फचं टोक सुटून फडफडत होतं. बाकाच्या दिशेने. तिने ते पाहिलं आणि हाताने धरून ठेवलं. मग सोडून दिलं आणि पुन्हा पाहिलं.

एवढ्या अंतरावर, उघड्या हवेत, भीती जवळजवळ नव्हतीच. हे तिच्याइतकं त्या फलाटावर कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी ती जिना उतरली. खालच्या बोगद्यातून चालत पलीकडच्या जिन्याने वर आली आणि फलाटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली. आता वारा त्यांच्याकडून तिच्याकडे येत होता. स्कार्फचं टोक पाठीमागे, रिकाम्या रुळांवर उडत होतं.

वारा या बाजूला आवाजही घेऊन येतो, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. काकू मध्येच खोकल्या, ते शेजारी बसून खोकल्यासारखं ऐकू आलं. मीनल फोनवर नवऱ्याशी बोलत होती. शब्द तुटक यायचे, पण स्पष्ट.

“नाही, आधी विचारलं होतं मी... हो... दोनदा... वृंदाला.”

मग तिने फोन पिशवीत टाकला.

गाडी आली. मीनलने आईचा दंड धरला. दारात पाऊल ठेवण्याआधी काकू थांबल्या आणि फलाटावरचं घड्याळ पाहू लागल्या. चांगला वेळ पाहत राहिल्या. मीनलही शेजारी थांबली. मग दोघी आत गेल्या.

वृंदाने ती गाडी जाऊ दिली. पुढच्या गाडीला अवकाश होता. बाक मोकळा झाला होता, पण ती फलाटाच्या टोकाला, वाऱ्याकडे तोंड करून, उभीच राहिली.